बाकाखालची जागा

प्रिय टाचणी,

तुझं पाकीट परवा आलं. पत्त्याच्या प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून रेघ ओढायची तुझी सवय अजून गेलेली नाही, त्यामुळे पोस्टमनच्या हातात असतानाच कळलं की तुझं आहे. आधी उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. घर विकताय तुम्ही. भाऊजींच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नाही, तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्यात, आणि येत्या शनिवारपासून सामान हलवायचं आहे. लिहिलंयस की सगळ्यात आधी आपला बाक हलवणार, तोही हमालांच्या हाती न देता, 'कारण दर पत्रात बाकाची चौकशी करणारी तूच, उद्या त्याचा पाय मोडला तर मला जाब विचारशील.' घर घेणारं जोडपं तरुण आहे, दोघंही शिक्षक, लेक दीड वर्षाची. त्यांनी घर तपासून घ्यायचा विषय काढला तेव्हा तू म्हणालीस, उगाच कशाला कोणाला बोलावता, सव्वीस वर्षं राहतेय मी इथे, या घरात लपवलेलं काही नाही. आणि त्यांनी मान डोलावली. तुझ्या शब्दापुढे कोण मान डोलावणार नाही.

टाचणे, हे पत्र लांबणार आहे. तुला माहीत आहे, मी सरळ रस्त्याने कधी जात नाही. म्हणून दोन गोष्टी आधीच मागून घेते. बाक आहे तिथून हलवू नकोस, आणि मी येईपर्यंत त्या कोपऱ्यात कोणाला उभंही राहू देऊ नकोस. आणि त्या जोडप्याला घर तपासल्याशिवाय घेऊ देऊ नकोस, त्यांनी कितीही नको म्हटलं तरी. तुझा शब्द आजवर कधी खोटा पडलेला नाही, तो आता या वयात पडायला नको, एवढ्यासाठी लिहितेय. फोन का केला नाही म्हणशील. तीनदा हातात घेतला. पण फोनवर तू मला अर्ध्यावरच थांबवून 'अगं जाऊ दे गं' म्हणशील, आणि मी जाऊ देईन. ते मला चांगलं जमतं.

माझी बातमी अशी की मीही घर विकलं. हे गेल्याला दोन वर्षं झाली, पाच खोल्यांत एकटी किती दिवस दिवे लावत फिरणार. लेकीच्या गल्लीतच एक छोटी जागा मिळाली, तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझा दरवाजा दिसतो. माझ्यावर लक्ष ठेवण्यासाठी ही सोय आहे असं तिला वाटतं, आणि तिच्यावर लक्ष ठेवण्यासाठी आहे असं मला. विकायचं ठरल्यावर ती म्हणाली, आई, रंगाचा एक हात मारून घेऊ, घर कसं उजळून निघेल. मी म्हटलं, रंग नको, आधी तपासनीस आणू. ती माझ्याकडे बघतच राहिली. घेणारा आणतो तपासनीस, विकणारा कशाला आणेल, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, घेणाऱ्याला आणायचा तेव्हा तो आणेल, मला माझं आधी बघायचंय. म्हातारपणी आईच्या डोक्यात काहीतरी शिरलंय असं तिने नवऱ्याला सांगितल्याचं मला भिंतीपलीकडून ऐकू आलं.

पहिला तपासनीस घरांच्या एजंटानेच पाठवला. 'आमचाच माणूस आहे, मॅडम, तुम्हाला काही बघायला नको.' त्या 'आमचाच' शब्दाशीच मी सावध व्हायला हवं होतं. तो आला, प्रत्येक खोलीच्या मधोमध उभा राहून भाड्याची जागा बघितल्यासारखा गोल फिरला, पंचवीस मिनिटांत चहा मागितला. मी विचारलं, छपरावर नाही चढणार? तर म्हणाला, खालून दिसतंय की. परवान्याबद्दल विचारलं तेव्हा खिशातून कार्ड काढून दिलं. त्यावर तीन धंदे छापलेले होते, विमा, प्रवासाची तिकिटं आणि घरांची तपासणी. कागदावरच्या सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा करून, 'घर सोन्यासारखं आहे' असं सांगून गेला. माझ्या न्हाणीघराची खिडकी चार वर्षं बंद होत नाही, तीही सोन्यासारखी.

दुसरा लेकीने शोधला. त्याच्याकडे यंत्रंच यंत्रं. भिंतीला लावलं की पिवळं-तांबडं चित्र दिसतं असलंही एक होतं. त्याला एकूण सदतीस दोष सापडले. मी हादरलेच, एवढ्या दोषांत आपण आजवर सुखाने झोपत होतो. मग शेवटचं पान उलटलं तर तिथे दुरुस्तीचा अंदाज, आणि दुरुस्ती करणार कोण, तर त्याचाच भाऊ. म्हणूनच तपासणी फुकट होती. लेक त्या रंगीत चित्रांवर खूश होती. मी म्हटलं, बाळ, चुका काढणाऱ्यालाच त्या दुरुस्त करायचं काम मिळणार असेल, तर त्याला चुका कमी कशाला सापडतील?

तेव्हा मग मी आपल्या जुन्या पद्धतीने बसले. वही घेतली, समास सोडला, आणि प्रश्न लिहिले, चष्म्याशिवाय वाचता येतील अशा मोठ्या अक्षरांत. परवाना कोणाचा, शिक्षण कुठे झालं. आजवर किती घरं बघितली, त्यात माझ्या घराच्या वयाची किती. आधीच्या एखाद्या घराचा अहवाल वाचायला मिळेल का. दुरुस्तीचं काम तुम्ही घेता का, किंवा कोणाला मिळवून देता का. एजंटाशी काही संबंध आहे का. काम चालू असताना मी बरोबर राहिले तर चालेल का. तपासनीसांची संघटना असते, त्यांच्याकडून नावांची यादी मागवली आणि एकेकाला फोन लावत गेले. एकाने शेवटच्या प्रश्नावर 'मालक मध्ये मध्ये आले की काम होत नाही' असं उत्तर दिलं, त्याचं नाव मी तिथेच खोडलं. पाचव्या नंबरवर एक बाई निघाली. मी तिला सहा प्रश्न विचारले आणि तिने मला अकरा. घर किती जुनं, वायरिंग कधी बदललं, छपराला शिडी लागेल की जिना आहे, कुत्रा आहे का. म्हणाली, साडेतीन तास लागतील, तुम्ही माझ्याबरोबरच फिरा, आणि जुने कागद असतील तेवढे काढून ठेवा, नकाशे, दुरुस्तीच्या पावत्या, जे असेल ते. शेवटी तिने एक वाक्य सांगितलं, त्यावर मी तिला पक्की केली. 'जे मला बघता आलं नाही, ते बघता आलं नाही असं मी लिहिते. बरं असेल, असं लिहीत नाही.'

ती आली सकाळी नऊला. गाडीच्या टपावर शिडी, पॅन्टीच्या गुडघ्यांवर जाड ठिगळं, डोक्याला रुमाल. वय असेल आपल्या मुलींएवढंच. बूट दारात काढून घरातले वेगळे पायात घातले. चहा विचारला तर म्हणाली, काम झाल्यावर घेईन, मावशी, आधी घेतला तर तुमच्याबद्दल चांगलं मत होतं. मग कामाला लागेल असं मला वाटलं, पण ती माझ्यासमोर जेवणाच्या टेबलाशी बसली. वही मिटलेली, पेन वहीवर आडवं. म्हणाली, मी उठायच्या आधी तुम्हाला या घराबद्दल जे माहीत आहे ते सगळं सांगा. तुम्ही सांगितलेलं मी 'मालकांनी सांगितले' असं लिहीन. नंतर माझं मला सापडलं तर 'आढळून आले' असं लिहीन. वाचणाऱ्याला त्यातला फरक कळतो. एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघत बसली.

टाचणे, मला एकदम आपल्या बोर्डिंगची सिस्टर आठवली, आपण जिला भिंग म्हणायचो ती. तुलाही आठवली असणार, मी लिहायच्या आधीच. दर शनिवारी शेवटच्या तासाला सिस्टर वर्गात यायची, पांढऱ्या बाह्या दुमडायची, आणि लॉकर उघडायच्या आधी खिडकीकडे तोंड करून पाच मिनिटं उभी राहायची. 'माझी पाठ आहे तोवर जे बाकावर ठेवाल त्याबद्दल मी काही विचारणार नाही.' बस, तेवढंच. चाळीस मुलींची खुडबूड, आणि तिची पाठ सरळ, घड्याळ हातात. तू तर काय काय ठेवायचीस. पिसं, पेन्सिलीची थोटकं, एकदा तर स्वतःचा हललेला दात कागदात बांधून. मी तुला कोपर मारायचे, अगं वेडे, हे कुठे कोणी लपवलेलं म्हणतं का? तू म्हणायचीस, माहीत नाही, पण ठेवलेलं बरं, मग छान झोप लागते. आणि मी त्या जांभळ्या शाईच्या बाटलीपायी काय केलं ते तुला सांगायला नको. पाच मिनिटं हातात धरून बसले, ठेवू का नको, ठेवू का नको, आणि ती वळायच्या क्षणी लॉकरच्या मागे सरकवली. रविवारी धुतलेल्या पांढऱ्या फ्रॉकचा ढीग कोणीतरी त्या लॉकरमागे ठेवला, बाटली त्यात कलंडली, आणि सोमवारी बारा जणी प्रार्थनेला जांभळ्या. भिंग ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला बोलावलं, बाटली हातात दिली आणि म्हणाली, पाच मिनिटं दिली होती ना, बाळा. त्या दिवसापासून मी शाई झाले. तुम्हा सगळ्यांना त्यात गंमत वाटायची, मलाही वाटायची, पण सिस्टरने मात्र मला त्या नावाने कधीच हाक मारली नाही.

तर मी त्या तपासनीस बाईला सगळं सांगितलं. खिडकी, स्वयंपाकघरातला मोरीखालचा सांधा, माळ्यावरची वायर जी यांनी स्वतःच जोडली होती आणि जिला हात लावायला इलेक्ट्रिशियनही तयार होत नाही, जिन्याची चौथी पायरी. सांगता सांगता मला हलकं वाटायला लागलं. ती उठली, आणि साडेतीन तास मी तिच्या मागे मागे. प्रत्येक नळ सोडून बघितला, प्रत्येक खिडकी उघडमीट केली, छपरावर चढून फोटो काढले, भिंतीला ओल मापायचं यंत्र लावलं. कपाटांमागे टॉर्च मारला. मग तिने पिशवीतून एक पातळ दांडी काढली, टोकाला लोखंडी गोळी असलेली, आणि जमीन वाजवत निघाली. फरशीवर टक, पुढच्या फरशीवर टक, मान तिरकी करून ऐकत. सगळीकडे एकच आवाज, भरीव, बंद. बैठकीच्या खोलीतून ओटीवर येताना एक फरशी पोकळ वाजली आणि मी भिंतीला हात टेकला. ती म्हणाली, काही नाही मावशी, नुसतं खालचं सिमेंट सुटलंय. खाली खरंच जागा असेल तर आवाज असा येत नाही, घुमतो. मी विचारून गेले, किती खोल असेल तर घुमतो? तिने दांडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. 'तुम्हाला कुठल्या घरातला आवाज आठवतोय?'

त्या प्रश्नाचं उत्तर मी तिला कसं दिलं ते सांगते, पण त्याआधी माझ्या घराचं पुरं करते, म्हणजे तुला धीर येईल. तिच्या अहवालात चौदा दोष होते, त्यातले नऊ 'मालकांनी सांगितले'. मी तो अहवाल टेबलावर ठेवला आणि घर बघायला येणाऱ्याला आधी तो वाचायला दिला, मग चहा. लेक म्हणाली, आई, अशाने हे घर तुझ्याच गळ्यात राहणार. पहिले दोघे खरंच परत आले नाहीत. तिसरं कुटुंब आलं, त्यातल्या बाईने ओटीवर बसून चौदाच्या चौदा वाचले, आपला स्वतःचा तपासनीस आणून तेच पुन्हा तपासून घेतले, आणि घर घेतलं. जाताना म्हणाली, विचारायच्या आधी कोणी सांगितलं असं हे पहिलंच घर. टाचणे, मी साठ वर्षांची बाई, मला आपल्या वर्गात पहिला नंबर आल्यासारखं झालं. पण आनंद अर्धाच झाला, कारण तेवढ्यात तुझं पत्र आलं.

आता तुझ्या घराकडे येते. तुझ्याकडे तपासनीस आला होता, आठवतं? सव्वीस वर्षांपूर्वी, आम्ही ते घर तुम्हाला विकत होतो तेव्हा. भाऊजींनी बोलावला होता, म्हातारा, कापडी पिशवीवाला, फाटकाशी छत्री मिटत उभा. तू पुढे झालीस. 'चहा घ्या आणि परत जा तुम्ही, नऊ वर्षं एका बाकावर बसलोय आम्ही, हिचं घर काय तपासायचं?' तो म्हणाला, बाई, मी घर तपासतो, मैत्रीण नाही. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसले. त्याने चहा घेतला, तुझ्याकडे नाही, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि छत्री उघडून निघून गेला. मला हायसं वाटलं. तू मला मिठी मारलीस. हे मात्र जमिनीकडे बघत उभे होते. तुम्ही सगळे गेल्यावर मला म्हणाले, सांगायला हवं होतं आपण. आणि मी काय म्हटलं असेन? आता कसं सांगायचं, म्हटलं. ती असं बोलल्यावर आता कसं सांगायचं. ते सांगणार होते, टाचणे. थांबवलं मी.

तेव्हापासून मी तुझ्या घरी दोनदा आले, तुझ्या सासूबाई गेल्या तेव्हा आणि माझ्या लेकीच्या लग्नाचं सांगायला, आणि दोन्ही वेळा पुढच्या खोलीच्या आत पाऊल टाकलं नाही. तुला वाटलं शाई मोठी झाली, तिचं मन रमत नाही आता इथे. तू तसं बोललीस नाहीस, पण तुझी पत्रं आखूड होत गेली त्यातून मला कळलं. मी प्रत्येक पत्रात विचारायचे, बाक आहे ना जागेवर? तू लिहायचीस, आहे गं बाई, तुझ्यासारखाच, बसला तो बसला. आणि एकदा लिहिलंस की तुझी धाकटी चालायला लागली, तुझ्या बाकाला धरून उभी राहते आणि तिथून चार पावलं टाकून धपकन बसते. मी ते जेवताना यांना वाचून दाखवलं. यांनी घास खाली ठेवला. मी पुढचं पान वाचत राहिले.

तपासनीस बाईने कागद काढून ठेवायला सांगितले होते ना, तेव्हा यांची फाईल खाली काढली होती, निळ्या नाडीची. या घराचे कागद वर होते. खाली तुमच्या घराचे. त्यात यांच्या हातचा नकाशा होता, मागच्या खोलीचा, पट्टी लावून काढलेला, कोपऱ्यात एक गोल आणि त्यात बारीक अक्षरात 'सात फूट. साडेतीन भरला. उरलेला भरायचा राहिला.' आणि नकाशाला टाचून एक कागद, भाऊजींच्या नावाने. तारीख धाकटी चालायला लागली त्याच महिन्याची. त्यावर एकच ओळ. 'आपल्या मागच्या खोलीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली आहे.' खाली कोरा. वाटलं होतं ते विसरून गेले. मीही त्यांना कधी विचारलं नाही, विचारलं असतं तर त्यांनी ती ओळ पुरी केली असती. 'कुठल्या घरातला आवाज' असं ती बाई म्हणाली तेव्हा मी आत जाऊन ही फाईल आणली आणि तिच्यासमोर उघडली. उत्तर म्हणून तेवढंच दिलं.

ती मागची खोली आधी खोली नव्हतीच, टाचणे. अंगण होतं, आणि त्या कोपऱ्यात सांडपाण्याचा जुना खड्डा. गटाराची लाइन आल्यावर तो वापरातून गेला. खोली बांधताना तो पुरा भरायचा ठरला होता, गवंड्याने निम्मा भरला आणि दुसऱ्या कामावर गेला, मग आम्ही तोंडावर एक दगडी फरशी टाकली, वर टाइल्स बसवल्या आणि उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो. घर विकायच्या वर्षी तिथल्या दोन टाइल्स बोटभर खचल्या. यांनी नव्या बसवल्या. पण पाय पडला की आवाज घुमायचा, म्हणून त्यावर काहीतरी ठेवायला हवं होतं, ज्याचे पाय खड्ड्याच्या बाहेर टेकतील आणि जे कोणी हलवणार नाही. घरात तसली एकच वस्तू होती. शाळेने जुनं फर्निचर काढलं तेव्हा मी हट्टाने आणलेला आपला बाक, तू टाचणीने कोरलेला तेवीस-चोवीस नंबर, मधलं दौतीचं भोक. यांनी फूटपट्टीने मोजून तो तिथे ठेवला. आणि मी तुझ्या गळ्यात पडून म्हटलं, हा तुला देतेय, पण इथून हलवू नकोस, इथेच शोभतो. तू रडलीस. तू तो सव्वीस वर्षं तिथेच ठेवलास, माझ्या प्रेमाची वस्तू म्हणून. येत्या शनिवारी तो निघाला असता, आणि त्या मोकळ्या जागेवर दीड वर्षाची पोरगी तुझ्या शब्दावर खेळली असती. म्हणून हे पत्र. यांची ती ओळ मी पुरी करतेय, भाऊजींना वाचून दाखव. त्या जोडप्याला सगळं सांग, माझ्या नावासकट, आणि तपासनीस त्यांना निवडू दे, मी नाही आणि तूही नाही. वहीतले प्रश्न सोबत उतरवून पाठवतेय, नकाशाही आहे, त्यावर मी खाली सही केलीय. तपासनीस बाईने नकाशा बघून सांगितलं की वरची फरशी काढून खड्डा खडी-मातीने ठोकून भरायचा आणि वर स्लॅब घालायचा, खोदताना दुसरं काही निघालं नाही तर चार माणसांचं एका दिवसाचं काम आहे. नंतर तो तपासून घ्यायचा आणि कागदावर लिहून ठेवायचं, मग घर विकायला काही हरकत नाही. एक दिवस, टाचणे. मी त्याला सव्वीस वर्षं लावली. गवंडी तू बघ, खर्च माझा, त्यावर भांडू नकोस, भांडायला याहून मोठं कारण मी तुला दिलंय. बुधवारी अकराच्या बसने येतेय. या वेळी पुढच्या खोलीत थांबणार नाही. बाकाची तुझ्याकडची बाजू तू धर, माझ्याकडची मी धरते, दोघी मिळून तो अंगणात काढू आणि काम होईपर्यंत त्यावर बसून राहू, तू खिडकीच्या बाजूची, मी भिंतीच्या. तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस, नऊ वर्षांत कित्येक तास आपण नुसत्याच बसलोय. एवढं मात्र लक्षात ठेव की मला आज कोणी लॉकर उघडून पकडलेलं नाही. माझ्याकडे होतं नव्हतं ते मी बाकावर ठेवलंय. तुझी पाठ असेल तोवर मी उभी आहे. जमेल तेव्हा वळून बघ.

तुझीच, अजूनही चोवीस नंबरची,
शाई